तो पहिल्यापासून असाच

माझ्या नवऱ्याला अख्खं त्रेवर्नेन गाव कोकरू म्हणायचं. नाव ग्विलिम, पण ते त्याची आई आणि बँक सोडून कोणी वापरत नसे. रग्बीत तो हूकर होता. म्हणजे दोन्ही संघ डोकी भिडवून एकमेकांना रेटतात त्या स्क्रमच्या पहिल्या रांगेत मधोमध, दोन्ही बाजूंना दोन धिप्पाड गडी गळ्यात हात टाकून, आणि समोरून तसेच तीन रेडे टक्कर द्यायला वाकलेले. त्या जागेवरची माणसं सहसा चावरी असतात. समोरच्याच्या आईपासून बायकोपर्यंत सगळ्यांचा उद्धार करत डोकं खुपसतात. ग्विल मात्र उठताना समोरच्याला हात द्यायचा. पलीकडच्या खोऱ्यातल्या पेनरल्तच्या हूकरने एकदा त्याच्या कानाचा लचकाच तोडला, तर हा कान धरून म्हणतो, "काय रे, घरून जेवून नाही आलास?" तेव्हापासून कोकरू.

पोटासाठी तो छपरं दुरुस्त करायचा. मी मुख्य रस्त्यावर बायकांचे केस कापायचं दुकान चालवते, आम्ही राहतो त्याच्याच वर. मुलगी एफा तेव्हा पहिलीत होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि ग्विलने माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. चिडायचा तेव्हा अंगणात जाऊन फरश्या मोजायचा.

फेब्रुवारीत खोऱ्यांच्या चषकाची उपांत्य फेरी आमच्या मैदानावर होती. गुडघाभर चिखल. सामना संपत आला असताना ग्विल एकाला पाडायला खाली वाकला आणि त्या माणसाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. मी कुंपणापाशी होते. आवाज आला नाही काही. ग्विल लगेच उठला, त्यामुळे कोणाला काही वाटलंही नाही. उठला, पँट झटकली आणि शांतपणे चालत जाऊन समोरच्या संघाच्या रांगेत उभा राहिला.

लोक हसले. शोनेड हसली नाही. शोनेड आमच्या क्लबची फिजिओ. आठवडाभर खालच्या शहरात इस्पितळात काम करायची आणि शनिवारी फुकटात आमच्या पोरांचे घोटे बांधायची. ती पिशवी घेऊन धावत आली आणि तिने त्याला हाताला धरून बाजूला, कुंपणाजवळ आणलं.

"ग्विल, आज आपण कुठे खेळतोय?"

"मैदानावर."

"कुठल्या?"

"चिखलाच्या."

परत हशा. शोनेडने डोळे त्याच्यावरून हलवले नाहीत. "शेवटचे गुण कोणी केले?"

त्याने कुंपणाकडे, आपल्या बापाकडे पाहिलं. एल्फेड, माझा सासरा, क्लबचा अध्यक्ष आणि एके काळचा कप्तान. त्याने ओठ हलवून 'आपण, आपण' असं सांगायला सुरुवात केली होती.

"एल्फेड, तोंड बंद ठेवा," शोनेड म्हणाली.

एल्फेडला तोंड बंद ठेवायला आमच्या गावात कोणी सांगत नसे. त्याचा चेहरा बीटासारखा झाला. तेवढ्यात रॉयस्टन, आमचा प्रशिक्षक, तावातावाने आला. "काय गं, काय तमाशा लावलायस? पाणी मार तोंडावर आणि पाठव आत."

"पाणी तुम्हीच प्या. हा आज परत खेळणार नाही."

"जरा गरगरलं असेल त्याला!"

"गरगरलं नाही, मेंदूला हादरा बसलाय. कन्कशन आहे हे. गेल्या शनिवारी कोणाशी खेळलो तेही याला सांगता येत नाहीये. विचारून बघा."

रॉयस्टनने विचारलं नाही. थुंकला आणि बदली खेळाडूला हाक मारली. सामना आम्ही जिंकलो म्हणून त्या दिवशी भांडण तेवढ्यावर मिटलं. अंतिम सामना चार आठवड्यांनी होता, तोही पेनरल्तशी. नियम असा की असा मार बसल्यावर निदान तीन आठवडे बाहेर बसायचं आणि डोकं पूर्ण ठीक असल्याशिवाय उतरायचं नाही. पहिला अर्धा नियम सगळ्यांनी लक्षात ठेवला. हिशेब बसत होता.

घरी पहिले दोन दिवस तो नुसता झोपला. मग डोकं धरून बसायला लागला. मग उजेड सोसेना. स्वयंपाकघरात लोकरीची टोपी नाकापर्यंत ओढून बसायचा, आणि भरदुपारी खिडक्यांना पडदे. किटली शिट्टी मारायच्या आधीच उचलायची हे मी शिकले. जिन्यावरून आवाज न करता कसं उतरायचं तेही शिकले.

आणि मग तोंड सुटलं. पहिल्यांदा माझ्या हातून पातेल्याचं झाकण पडलं तेव्हा तो म्हणाला, "हात आहेत की फावडी?" मी हसले. मला वाटलं, थट्टा करतोय. त्याने टोपी वर केली, डोळे लाल, आणि म्हणाला, "दात काय काढतेस? तुझं हे हसणं ऐकलं की मला मळमळतं. नऊ वर्षं मळमळतंय."

त्यानंतर रोज काही ना काही. मी जाड आहे. माझ्या अंगाला दुकानातल्या रसायनांचा वास येतो. मी त्याच्या गळ्यात पडले, नाहीतर तो कधीच या खोऱ्यातून बाहेर गेला असता. हे सगळं तो ओरडून सांगायचा नाही. ओरडलं की त्याचं डोकं ठणकायचं. हळू आवाजात, दातांतून सांगायचा.

एक मार्चला शाळेत सेंट डेव्हिडच्या सणाचा कार्यक्रम होता आणि एफा बासरीवर एक गाणं बसवत होती. तीच तीच ओळ, आणि दर वेळी तोच एक सूर चुकायचा. ग्विल उठला, त्याने तिच्या हातातून बासरी ओढली, गुडघ्यावर मोडली आणि शेगडीत टाकली. प्लॅस्टिकची होती. सगळ्या घरात त्याचा जळका वास भरला. एफा रडली नाही. खाली दुकानात गेली आणि केस वाळवायच्या यंत्राच्या टोपाखाली जाऊन बसली. यंत्र बंद होतं. मी आणायला गेले तर म्हणाली, "इथे काही ऐकू येत नाही, आई. तूही बस."

शोनेड त्याला तपासायला यायची. तिच्यासमोर हा शहाण्यासारखा खुर्चीत.

"डोकं?"

"उत्तम."

"झोप?"

"बाळासारखी."

"मग दुपारी पडदे का लावलेत?"

"नेरिसला ऊन सोसत नाही."

मार्चमध्ये आमच्या खोऱ्यात ऊन पडतंच कुठे! शोनेडने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत ती त्याला म्हणाली, "मी तुला खेळायला परवानगी देणार नाही. कार्डिफला एक डॉक्टर आहेत, मेंदूच्याच. मी वेळ घेतलीय. त्यांनी हो म्हटलं तर खेळ."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

ती गेल्यावर त्याने तिला काय काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात शाळा भरली. एल्फेड आणि रॉयस्टन मास्तर, ग्विल विद्यार्थी. रॉयस्टनच्या मेहुण्याची अशीच तपासणी झाली होती, त्यामुळे काय विचारतात ते त्याला ठाऊक होतं. महिने उलटे म्हणायला लावतात. "डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर..." ग्विल ऑगस्टपाशी अडकायचा. तिथे त्याच्या कपाळावर घाम यायचा. रॉयस्टन टेबलावर बोटं वाजवायचा, "परत. पहिल्यापासून." तिसऱ्या दिवशी जमलं. एल्फेडने पोराच्या पाठीवर थाप मारली. थाप बसल्यावर ग्विलने डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत, पण ते कोणी पाहिलं नाही.

"चिडचिड होते का असं विचारतील," रॉयस्टन म्हणाला.

"होते म्हणायचं," एल्फेड म्हणाला. "पहिल्यापासूनच होते म्हणायचं. माझा मुलगा आहे. आमच्या घराण्यात सगळे तापट. आजार कसला त्यात?"

मी भांडी घासत होते. म्हणाले, "गाव याला कोकरू म्हणतं."

"कार्डिफमध्ये कोणाला माहितीय?" रॉयस्टन म्हणाला. "आणि तू कशाला मध्ये पडतेस? नवऱ्याचं भलं बघवत नाही वाटतं?"

"सोड रे," ग्विल टोपीखालून म्हणाला. "तिला केसांशिवाय डोक्यातलं काय कळतं."

तिघं हसले. त्याने हसताना कानशिल दाबून धरलं.

कार्डिफला आम्ही रॉयस्टनच्या गाडीतून गेलो. डॉक्टर मेरेडिथ म्हणजे एक उंच, वाळकी बाई. हसायचं नाही असं ठरवून घराबाहेर पडलेली. तिने ग्विल आणि मला आत बोलावलं, तर मागोमाग एल्फेड आणि रॉयस्टनही शिरले. "घरचेच आहोत," रॉयस्टन म्हणाला. ग्विलने मान हलवली, म्हणून तिने राहू दिलं.

महिने त्याने घडाघडा म्हटले. रॉयस्टनने छाती फुगवली.

"फार छान," डॉक्टर म्हणाली. "इतकं भरभर मलाही जमत नाही. आता मी आकडे सांगते, ते उलटे म्हणा."

आकड्यांची तयारी झाली नव्हती. तीन आकड्यांपर्यंत निभावलं, चौथ्याला तो थांबला आणि चिडून म्हणाला, "मी छपरं शाकारतो बाई, हिशेबनीस नाही." सुरुवातीलाच तिने दहा शब्द सांगितले होते, साधेच. लोणी, तंबू, खिळा असले. बऱ्याच वेळाने परत विचारले तेव्हा त्याला चार आठवले.

"शाळेतही याचं पाठांतर बोंबललेलंच होतं," एल्फेड म्हणाला.

मग एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. हा माणूस पावसात ओल्या छपरावर मांजरासारखा चालायचा. डोळे मिटले आणि बाजूला कलला तो थेट बापाच्या अंगावर.

"पाय जरा वाकडे आहेत त्याचे," एल्फेड त्याला सावरत म्हणाला. "माझ्यासारखेच."

"तुमचे पाय मी नंतर बघेन," डॉक्टर म्हणाली. "ग्विलिम, उजेडाचा त्रास? आवाजाचा?"

"नाही."

"चिडचिड?"

"नेहमीइतकीच."

"नेहमी किती?"

"अहो, तो पहिल्यापासून असाच," एल्फेड पुढे सरकला. "पाळण्यात असल्यापासून भडक डोक्याचा. मला विचारा."

"अगदी," रॉयस्टन म्हणाला. "मी दहा वर्षं बघतोय. बोलायची सोय नाही त्याच्याशी. आग आहे आग."

डॉक्टरने दोघांचं ऐकून घेतलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "त्यांच्याबरोबर घरात तुम्ही राहता. तुम्ही सांगा."

ग्विलने माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत. म्हणाला, "नीट विचार करून बोल, नेरिस."

मी नीट विचार करूनच बोलले. टोपी सांगितली, पडदे सांगितले. किटली, झाकण, बासरी सांगितली. मंगळवारी तो कामावर गेला, शिडीवरून अर्ध्यातून उतरून भिंतीशी ओकला आणि परत वर चढला, हे मला समोरच्या घरातल्या म्हातारीने सांगितलं होतं, तेही सांगितलं. मला तो काय म्हणतो ते शब्द न शब्द सांगितलं. शेवटी म्हणाले, "नऊ वर्षांत हा माणूस माझ्यावर एकदाही ओरडला नव्हता. गावात याला कोकरू म्हणतात, डॉक्टर. या दोघांनीच ते नाव पाडलंय."

डॉक्टर म्हणाली, "अंतिम सामना विसरा. शिडी विसरा. गाडी चालवणंही."

"बाई, तुम्हाला कल्पना आहे का, हा चषक आम्ही—" रॉयस्टनने सुरुवात केली.

"मला कल्पना आहे," ती आवाज न चढवता म्हणाली. "पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर काय होतं, ते मी पाहिलंय. धट्टाकट्टा पोरगा होता. त्याची आई अजून त्याला चमच्याने भरवते. तुम्ही चषक कुठे ठेवणार होतात?"

रॉयस्टन दार आपटून बाहेर गेला. जिन्यात त्याचा आवाज आला, "बायकोच उलटली तर आणखी काय होणार!"

परतताना डोंगराच्या माथ्यावर चिप्सची गाडी उभी असते तिथे रॉयस्टनने मोटार थांबवली. उतरला आणि चिप्स घेऊन आला. एक पुडा त्याचा, एक एल्फेडचा, एक ग्विलचा. मी मागे बसले होते. व्हिनेगरचा वास गाडीभर. तिघं खात होते, काचांवर वाफ धरली होती, आणि कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. ग्विलने दोनच चिप्स खाल्ले. पुडा मांडीवर तसाच धरून, पुढे बघत म्हणाला, "चार लोकांत मला नागडं केलंस."

त्याच संध्याकाळी तो कपडे घेऊन आईकडे गेला. एफाने विचारलं, "बाबा सुट्टीवर गेला?" मी हो म्हणाले.

अंतिम सामना आम्ही हरलो, आणि हरलो तोही कसा! शेवटच्या मिनिटांत चेंडू रेषेबाहेर गेला. अशा वेळी हूकरने तो बाहेरून दोन रांगांच्या बरोबर मधोमध सरळ फेकायचा असतो. ग्विल ते झोपेत करायचा. त्याच्या जागी तेवियॉन होता, खाटकाचा पुतण्या. त्याच्या हातून चेंडू वाकडा गेला, पेनरल्तला मिळाला, आणि संपलं. तेवियॉनला कोणी काही बोललं नाही. सगळ्यांना दोषी आधीच सापडली होती.

सोमवारी माझ्या दुकानाच्या काचेवर कोणीतरी पांढऱ्या रंगाने मोठा सोळाचा आकडा काढून ठेवला होता. पंधरा खेळाडू पेनरल्तचे, सोळावी मी. मी पुसून काढला. बुधवारी परत होता. वेळ घेतलेल्या बायका एकेक करून फोन करायला लागल्या. कोणाचं गुडघ्याचं दुखणं, कोणाची बहीण यायची होती. मर्टल म्हणून एक बाई दर शुक्रवारी केस बसवून घ्यायला येते, माझ्या आधी इथे जी होती तिच्याकडेही यायची. ती मात्र स्वतः आली. दारातच उभी राहून म्हणाली, "आता मी पेनरल्तला जाते केसांसाठी. तुझ्याच लोकांत."

"बसभाडं परवडतं का बघा," मी म्हणाले.

"तुझं तोंड बघण्यापेक्षा परवडतं."

शोनेडलाही क्लबने कळवलं की पुढल्या मोसमात तिची गरज नाही. ती मला रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "बरं झालं. शनिवारी झोपेन तरी." पण डोळे तिचे वेगळं सांगत होते.

ग्विल आईकडे गेला त्याला दोन आठवडे झाले असतील. दुकानात कोणी नव्हतं. सासू आली. ग्लेनिस. अंगावर काळा कोट, तो न काढताच आरशासमोरच्या खुर्चीत बसली. तिने मला कधी जवळ केलं नव्हतं. लग्नात माझ्या आईला म्हणाली होती, मुलगी कामसू दिसते, बाकीचं चालवून घेऊ.

"त्याला घेऊन जा," ती आरशातल्या मला म्हणाली.

"का?"

"माझा रेडिओ त्याने अंगणात फेकला. काल सूप गरम होतं म्हणून वाडगा भिंतीवर मारला. मला म्हातारी घार म्हणाला."

"मग? तो पहिल्यापासून असाच ना?"

"चुरूचुरू बोलू नकोस. तू त्याची बायको आहेस. हे तुझं काम. चार आठवडे नाही झाले तर चालली डॉक्टरकडे चुगल्या करायला! मी चाळीस वर्षं काढली एल्फेडबरोबर. चाळीस वर्षं. कोणाकडे गेले मी? बशा फुटल्या, नव्या आणल्या. तुम्हा आताच्या पोरींना सोसायला नको. अगं, लग्न झालं तेव्हा एल्फेडही असाच होता, याच्यासारखाच. चॅपलमध्ये गायचा. माझ्याशी बोलताना कानापर्यंत लाल व्हायचा. कोणाला वाटलं असतं का? मग त्या वर्षी नाताळानंतरच्या सामन्यात एका दुपारी दोनदा कोसळला. ओला स्पंज फिरवला तोंडावर आणि दोन्ही वेळा परत आत. तेव्हा नव्हती हो असली थेरं. त्या हिवाळ्यापासून तो..."

ती थांबली. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

माझ्या हातात कंगवा होता. मी म्हणाले, "ग्लेनिस, तुम्ही काय बोलताय ते ऐकताय ना?"

"मी काही बोलत नाहीये."

"त्या हिवाळ्यापासून तो काय?"

"केस काप," ती म्हणाली. "मागून लांब झालेत."

मी तिच्या गळ्याभोवती फडकं बांधलं आणि केस कापले. आरशात ती स्वतःकडे बघत होती. एकदाच बोलली, "गाणं सोडलं त्याने. मला वाटलं, माझाच कंटाळा आला असेल." मी कात्री चालवत राहिले. खरंच त्या माराने झालं की आणखी कशाने, हे आता कोण सांगणार होतं? उठताना तिने नेहमीप्रमाणे मागची बाजू आरशात बघितली आणि म्हणाली, "डावीकडे जास्त कापलेस." मग दारातून मागे न बघता, "त्या वाळक्या डॉक्टरणीचा पत्ता दे."

मी ग्विलला घरी आणलं नाही. ते मी तिला स्पष्ट सांगितलं. एफासमोर पुन्हा तसं व्हायला नको होतं. ग्लेनिसनेच त्याला पुन्हा कार्डिफला नेलं, बसने. तिच्याशी वाद घालायची ग्विलची हिंमत नव्हती, आजारातसुद्धा. डॉक्टरने अंधारात पडून राहणं बंद करायला लावलं. रोज थोडं चालायचं, डोकं ठणकायला लागलं की थांबायचं, दुसऱ्या दिवशी जरा पुढे. मानेचे व्यायाम, डोळ्यांचे व्यायाम. मान आखडली होती, ती सोडवायला शोनेड जायची. क्लबने काढलेली शोनेड, क्लबच्या अध्यक्षाच्या घरी! एल्फेड ती आली की दार आपटून बाहेर जायचा आणि ती "नमस्कार, एल्फेड" असं मुद्दाम मोठ्याने म्हणायची.

एप्रिलमध्ये टोपी गेली. मे महिन्यात एकदा तो माझ्या दुकानासमोरून जाताना थांबला आणि काचेतून हात वर केला. मी केला नाही. जूनमध्ये एफाला शाळेतून आणायला लागला. ती त्याच्यापासून चार पावलं दूर चालायची, आणि तो तिला जवळ बोलवायचा नाही, चालू द्यायचा. ते पाहिल्यावर मी त्याला घरी ये म्हटलं.

तो आला त्या रविवारी आम्ही अंगणात बसलो होतो. म्हणाला, "नेरिस, ते सगळं मी नव्हतो बोलत. डोकं बोलत होतं."

"आठवतंय तुला?"

"सगळं. तेच तर."

"मग डोक्याने ते कुठून आणलं? मी जाड, मी तुझ्या गळ्यात पडले, हे आधी कुठे होतं?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "कुठेतरी असेल. माणसाच्या मनात काय काय येतं आणि जातं. ते बाहेर न सोडणारा जो कोणी आत असतो ना, तो पडला होता."

उत्तर खरं होतं. खोटं दिलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं. अजूनही कधी आरशासमोर कपडे बदलताना त्याचा तो दातांतला आवाज ऐकू येतो, आणि तो बिचारा स्वयंपाकघरात एफाला पावावर लोणी लावून देत असतो. आमचं बरं चाललंय. एवढंच म्हणेन.

तो परत खेळला नाही. डॉक्टरने नाही म्हटलं नव्हतं, वर्षभराने बघू म्हणाली होती. त्यानेच बूट तेवियॉनला देऊन टाकले. रॉयस्टन माझ्याशी आजतागायत बोलत नाही. रस्त्यात मी दिसले तर पलीकडच्या फुटपाथवर जातो. मर्टल परत आली. बसचं जमेना. मी तिचे केस नेहमीसारखे धुतले, बसवले. पाणी मात्र जरा गार वापरलं.

एल्फेड डॉक्टरकडे गेला नाही. ग्लेनिसने विषय काढला तेव्हा म्हणाला, "माझ्या डोक्याला हात लावायचा नाही कोणी. ठणठणीत आहे ते." त्या घरात तो विषय पुन्हा निघाला की नाही, मला माहीत नाही.

गेल्या शरद ऋतूत दोघं आमच्याकडे रविवारी जेवायला आले होते. मटण जरा कोरडं झालं होतं, हे खरं. एफा काहीतरी सांगत होती शाळेतलं, हातवारे करून, आणि तिच्या कोपराने एल्फेडचा ग्लास कलंडला. बिअर त्याच्या पँटवर.

"गाढव कार्टी!" तो गरजला. मूठ टेबलावर आपटली, काटे-चमचे उडाले. "आईवर गेलीय! डोळे आहेत की बटाटे?"

एफा जागच्या जागी आक्रसली. ग्विल उठला. पूर्ण उंचीने उठला आणि अगदी हळू म्हणाला, "बाबा. या घरात या आवाजात बोलायचं नाही."

"मला शिकवतोस? मला?"

"हो."

एल्फेडने खुर्ची मागे ढकलली, ती पडली. कोट घेतला. "चल गं," बायकोला म्हणाला. "इथे माणसं राहत नाहीत."

ग्लेनिसने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने बटाट्याचं भांडं ओढून घेतलं आणि एक बटाटा वाढून घेतला.

"ग्लेनिस!"

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी जेवतेय."

दार आपटलं. जिन्यावर त्याची पावलं वाजली, मग रस्त्यावर, मग ऐकू येईनाशी झाली. ग्विलने खुर्ची उचलून सरळ केली. एफा टेबल पुसायला फडकं घेऊन आली, तर ग्लेनिसने ते तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः पुसलं. मग गोडाचं वाढलं. सासूने एक चमचा तोंडात घातला, घोळवला, आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "कस्टर्डमध्ये गुठळ्या झाल्यात."

"झाल्या असतील," मी म्हणाले. "आणखी वाढू?"

"वाढ."